बांधावरील तरवड तोडूं नका

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत शेतीची प्रगति झाली नाहीं, असें कोणीहि म्हणणार नाहीं. तिफणीची जागा ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानें घेतली, घाटावर सोयाबिनाचा पसारा झाला, ठिबक व तुषार संच आले, आणि बियाणें, खतें व औषधें यांविषयीं पूर्वी ऐकिवांतहि नसलेली माहिती आज लहानशा खेड्यांतील शेतकऱ्याच्या तोंडीं असते. परंतु या प्रगतीच्या ओघांत एक चाल अशी पडत चालली आहे कीं, तिचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. ती म्हणजे बांध ‘साफ’ करण्याची चाल. बांध दरवर्षीं थोडाथोडा नांगरून अरुंद करावयाचा, त्यावरील झुडपें जेसीबी यंत्रानें उपटावयाचीं, उरलेल्यांवर तणनाशक फवारावयाचें किंवा उन्हाळ्यांत काडी लावावयाची, आणि बांध तळहातासारखा स्वच्छ दिसूं लागला म्हणजे शेत नीट राखल्याचें समाधान मानावयाचें, असें आज जागोजाग चाललें आहे. या सफाईंत जीं झुडपें बळी पडतात, त्यांत घाटावरच्या भागांत तरवड हा प्रमुख होय. त्याची बाजू आपल्या वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

तरवड कोणास सांगावयास नको, असें वाटण्याचा संभव आहे. पण नव्या पिढींत तरवड व तरोटा यांचा घोटाळा होतो, म्हणून प्रथम ओळख सांगणें बरें. तरोटा हें पावसाळ्यांत उगवून हिंवाळ्यांत वाळून जाणारें तण आहे. त्याचीं कोवळीं पानें आपण भाजीस घेतों व त्याच्या शेंगा लांब व बारीक असतात. तरवड हा त्याचा भाऊबंद खरा, परंतु तो वर्षानुवर्षें टिकणारा, लांकडी खोडाचा झुडूपवर्गीय आहे. तो साधारणपणें चार ते सहा फूट उंच होतो. त्याची साल तांबूस तपकिरी असून एका देठावर लहान पानांच्या आठ ते बारा जोड्या असतात. फुलें हळदीसारखीं पिवळीं असून झुबक्यांनीं येतात, आणि पावसाळा सरतांना तर सारें झुडूप त्यांनीं भरून जातें. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ असतात. पानाच्या देठाशीं कानाच्या पाळीसारखीं दोन गोल उपपर्णें असतात; त्यांवरूनच लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानें १७५३ सालीं यास ‘ऑरिक्युलाटा’, म्हणजे कानाचा, असें नांव दिलें. संस्कृतांत यास आवर्तकी म्हणतात. हा येथलाच आहे. घाणेरी, बेशरम किंवा गाजरगवत यांप्रमाणें परमुलखांतून आलेला उपरा नव्हे.

आतां जिल्ह्याची रचना पाहिली म्हणजे हा प्रश्न एका झुडपापुरता नाहीं, हें ध्यानांत येईल. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें आपल्या मुलखाचे दोन भाग केले आहेत. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद, संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्यांतील तालुके. तेथील जमीन बव्हंशीं काळी व खोल. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगांव राजा व सिंदखेड राजा हे तालुके. तेथें काळ्या पट्ट्यांच्या शेजारींच उताराच्या हलक्या व मुरमाड जमिनी पसरल्या आहेत. पैनगंगा याच डोंगरांत उगम पावते. अशा उताराच्या शेतांत वीत-दीड वीत मातीखालीं मुरूम लागतो. म्हणजे शेतकऱ्याचें खरें भांडवल तेवढ्या विताचेंच. आणि पाऊस तर असा कीं, पंधरा-वीस दिवस तोंड दाखवीत नाहीं, व आला म्हणजे दोन घटकांत ओढ्यानाल्यांस पूर आणतो. त्या दोन घटकांत नाल्याचें पाणी कोणत्या रंगाचें असतें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तो रंग म्हणजे आपल्या शेताची माती होय.

ही हानि किती, याचा हिशेब कोणासहि करतां येईल. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरून एक इंच जाडीचा थर वाहून गेला, तर ३,६३० घनफूट, म्हणजे छत्तीस ब्रासांहून अधिक माती गेली. बांधकामासाठीं एक ब्रास मुरूम आणावयाचा झाला तर आपण भाव करतों, खेपा मोजतों; आणि छत्तीस ब्रास सकस माती कांहीं वर्षांत निघून गेली, तर तिची नोंद कोणाच्याहि वहींत होत नाहीं. खत वाढवूनहि उतारा वाढत नाहीं, ही तक्रार मात्र होते. खत ज्या मातीनें धरावयाचें, ती मातीच जागेवर नसेल तर दुसरें काय होणार?

गेल्या कांहीं वर्षांत गाळ काढण्याचीं मोठीं कामें आपल्याकडे झालीं. २०१७ मध्यें राज्य सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. २०१८ मध्यें भारतीय जैन संघटनेच्या सहकार्यानें जिल्ह्यांत ‘सुजलाम् सुफलाम्’ नांवानें तलावांतील गाळ काढण्याची मोहीम झाली. तलाव व नाले खोल करून निघालेली माती-मुरूम राष्ट्रीय महामार्गाच्या भरावास वापरण्याची पद्धति तर ‘बुलढाणा पॅटर्न’ या नांवानें बाहेर गाजली. हीं कामें चांगलीं आहेत व त्यांचा लाभ अनेक गांवांस झाला आहे. परंतु तलावांत हा गाळ आला कोठून, हा प्रश्न विचारल्याशिवाय नुसता गाळ काढीत बसणें म्हणजे छपराचें भोंक तसेंच ठेवून घरांतलें पाणी उपसण्यासारखें आहे. गाळ वरच्या शेतांतून व उघड्या माळांवरून येतो. तो तेथेंच अडविणें हें कमी खर्चाचें काम आहे, आणि तें काम तरवडासारखीं झुडपें एक पैसा न घेतां करीत आलीं आहेत.

तरवडाच्या अंगीं असे कोणते गुण आहेत कीं, ज्यांमुळें तो या कामास योग्य ठरावा? पहिला गुण मुळांचा. त्याचें मुख्य मूळ खोल जातें व फांटे मुरमाच्या फटींत शिरतात. त्यामुळें बांधाची भर ढांसळत नाहीं. दुसरा गुण असा कीं, त्याचा पाला कडवट असल्यानें गाई-बैल त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. बांधावर इतर कोणतेंहि झाड लावावयाचें तर दोन-तीन वर्षें कुंपण करावें लागतें व राखण ठेवावी लागते. मोकाट गुरांच्या मुलखांत निम्मीं रोपें त्याच कारणानें जातात. तरवडास ही राखण नको. तिसरा गुण काटकपणा. एकदां मूळ धरलें म्हणजे त्यास पाणी घालावें लागत नाहीं, आणि खोडापासून छाटला तरी पुन्हां फुटतो. चौथा गुण असा कीं, त्याची उंची बेताची असल्यानें पिकावर मोठी सावली पडत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नुसत्या तरवडाच्या रांगेनें वाहतें पाणी पुरतें गाळलें जात नाहीं, कारण दोन झुडपांच्या बुडाशीं जागा मोकळी राहते. ती जागा गवतानें भरली पाहिजे. तरवडाच्या दोहों बाजूंस मारवेलाचे ठोंब लावले, तर गवत पाणी गाळतें, तरवड बांध धरतो, आणि मारवेल गुरांच्या उपयोगीं पडतो. जेथें ही जोडी टिकते तेथें वरच्या अंगास दरवर्षीं थोडथोडी माती सांचते व उताराचें शेत हळूहळू सपाटीस येतें. जें काम करण्यास भाड्याचें यंत्र लागतें, तें गवत व झुडूप मिळून संथपणें पण कायमचें करतात.

मग असा उपयोगी तरवड डोळ्यांतून उतरला कसा? याचें कारण बाजारांत आहे. एके काळीं तरवडास मोल होतें. त्याच्या सालींत सुमारें १८ टक्के टॅनिन, म्हणजे कातडें कमावणारें तुरट द्रव्य असतें. महाराष्ट्रांतील ढोर समाजाचे कारागीर बाभळीची साल, हिरडा व तरवड यांवर कातडें कमावीत. तमिळ मुलखांत यास ‘आवारम’ म्हणतात. मद्रासेकडून परदेशीं जाणारें फिकट रंगाचें, मऊ कातडें याच सालीच्या आधारें नांवाजलें होतें. पुढें दक्षिण आफ्रिकेंतून वॅटल नांवाच्या झाडाची साल येऊं लागली, क्रोम क्षारांनीं थोड्या वेळांत कातडें कमावण्याची रीत रूढ झाली, आणि तरवडाच्या सालीचा धंदा बसला. ज्या दिवशीं साल विकेनाशी झाली, त्या दिवसापासून तरवड कुचकामी ठरला. वास्तविक सालीसाठीं फांद्या तोडल्या जात तेव्हांहि मुळें बांधांतच राहात व माती धरीत. म्हणजे झुडपाची खरी सेवा पूर्वीहि फुकट मिळत होती व आजहि मिळते. परंतु जें विकलें जातें तेंच उपयोगी, असा हिशेब आपण धरूं लागलों, आणि बांधाचा रखवालदार त्या हिशेबांत बसला नाहीं.

इतर उपयोगहि थोडे नाहींत. दक्षिणेंतील भातशेतींत तरवडाचा पाला चिखलांत तुडवून हिरवळीचें खत करण्याची जुनी चाल आहे. आपल्याकडे हा पाला कपाशी-तुरीच्या ओळींत पसरून ओल टिकविण्यास किंवा खताच्या खड्ड्यांत घालण्यास योग्य आहे. मात्र येथें एक गैरसमज काढला पाहिजे. तरवडास शेंगा येतात म्हणून तो बोरू-धैंच्याप्रमाणें हवेंतील नत्र जमिनींत धरतो, असें कांहीं जण सांगतात. तें खरें नाहीं. त्याच्या मुळांवर नत्राच्या गांठी होत नाहींत. तो खालच्या थरांतील अन्न पाल्याच्या रूपानें वर आणतो, एवढेंच. आणि तेवढेंहि पुष्कळ आहे.

फुलांचा उपयोग तर आपल्या ध्यानींहि येत नाहीं. तरवडाच्या फुलांत मध नसतो, पराग असतो, आणि तो परागकोशाच्या टोंकावरील बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. मोठा काळा भुंगा फुलास धरून पंखांचे स्नायु जोरानें थरथरवितो, तेव्हांच तो पराग झडतो. वांग्याच्या फुलाची घडणहि अशीच आहे, आणि तुरीच्या फुलांवरहि असे मोठे भुंगे येतात. आपल्या पिकास फूल येतें तें थोडे दिवस. उरलेल्या काळांत या भुंग्यांनीं खावें काय? बांध फुलांवर असेल तर ते शिवारांत टिकतात. बांध जळालेला असेल तर ते शिवार सोडतात. फुलगळ झाली म्हणजे आपण फवारणीचें औषध शोधतों; पण फुलावर येणारे भुंगे कोठें गेले, हेंहि एकदां पाहिलें पाहिजे.

औषधी उपयोगांविषयीं जपून बोलणें बरें. दक्षिणेंतील सिद्ध वैद्यकांत तरवडाचीं फुलें, पानें व साल मधुमेहावर व त्वचेच्या विकारांवर देतात. श्रीलंकेंत वाळलेल्या फुलांचें ‘रणवरा’ नांवाचें पेय घरोघर माहीत आहे. आपल्याकडे काड्यांचें दातवण करीत. परंतु फुलांचा काढा घेतला म्हणजे डॉक्टरचें औषध सोडावें, असा अर्थ कोणीहि करूं नये. मधुमेहासारख्या रोगांत असा प्रयोग जिवावर बेतूं शकतो. फुलाचा मान पाहावयाचा तर शेजारच्या तेलंगणांत पाहावा. तेथें ‘तंगेडु’ या नांवानें हेंच फूल बतुकम्माच्या उत्सवांत रचलें जातें, व त्या राज्यानें यास राज्यपुष्प मानलें आहे. तेथें जें राज्याचें भूषण, तें आपल्याकडे तण म्हणून जाळलें जातें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप, तरवड पिकाचें बळ खातो. बांधालगतच्या एका ओळीवर थोडा परिणाम होणें शक्य आहे. पण झुडूप दरवर्षीं छाटलें व तोच पाला त्या ओळींत टाकला, तर ती तूट बरीचशी भरून निघते. उघड्या बांधामुळें होणारी धूप एका ओळीची नसते, साऱ्या शेताची असते. दुसरा आक्षेप, झुडपांत उंदीर, साप व किडी राहतात. उंदीर मोकळ्या बांधांतहि बिळें करतात. सापाचें तर उंदीर हेंच भक्ष्य. किडींविषयीं सांगावयाचें तर तरवडावर दिसणारी हिरवी अळी पिवळसर-पांढऱ्या फुलपांखरांची असते व ती कपाशीवर जात नाहीं. तरीहि कपाशीलगत बांध असल्यास पिठ्या ढेकणाकडे लक्ष ठेवावें व लागण झालेली फांदी छाटून जाळावी. तिसरा आक्षेप, रोही व रानडुक्कर यांस तो अडवीत नाहीं. हें पूर्णपणें खरें आहे. ज्ञानगंगा अभयारण्याच्या भोंवतालीं ज्यांचीं शेतें आहेत, त्यांनीं तरवडास जनावरांचें कुंपण समजूं नये; तें त्याचें काम नव्हे.

चौथा आक्षेप सर्वांत मोठा, कीं यापासून पैसा काय मिळणार? याचें सरळ उत्तर असें कीं, रोख पैसा मिळणार नाहीं, आणि मिळेल असें कोणी सांगूं लागल्यास त्यापासून दूर राहावें. २००३ च्या सुमारास जट्रोफा, म्हणजे मोगली एरंड, लावल्यास पडीक जमिनींतून डिझेल निघेल, असा देशभर गाजावाजा झाला. रोपें विकणाऱ्यांचें साधलें, लावणाऱ्यांच्या पदरीं बहुतेक ठिकाणीं निराशा आली. तरवडाचें तसें होऊं नये. त्याची रोपें विकत घेऊं नयेत, त्यासाठीं कर्ज काढूं नये, आणि पिकाखालची एक वीतहि जमीन त्यास देऊं नये. त्याची जागा बांध, नाल्याचा कांठ व मुरमाड उतार ही आहे. त्याचा नफा खर्चाच्या बाजूस दिसेल. म्हणजे जी माती व जें खत वाहून गेलें असतें, तें शेतांत राहील.

लागवडीची रीत सोपी आहे. हिंवाळ्यांत शेंगा वाळून तपकिरी झाल्या म्हणजे जवळच्या माळावरून त्या तोडून बीं काढावें व कोरड्या डब्यांत ठेवावें. बियांचें कवच कठीण असतें. म्हणून पेरणीच्या आदल्या सायंकाळीं पाणी उकळून, भांडें चुलीवरून खालीं उतरवून त्यांत बिया टाकाव्या व रात्रभर तशाच राहूं द्याव्या. सकाळीं फुगलेल्या बिया पेरण्यायोग्य समजाव्या. मृगाचा पाऊस होऊन बांध ओला झाला म्हणजे बांधाच्या वरच्या अंगास दोन-दोन फुटांवर कुदळीनें लहान खांच करून प्रत्येकींत दोन-तीन बिया अर्धा इंच खोल टाकाव्या. एक एकर चौरस शेताची एक बाजू सुमारें २०९ फूट भरते. म्हणजे खालच्या बांधावर शंभराच्या आसपास खांचा व तीनशें बिया पुरतात. रानांतून उपटून आणलेलीं रोपें सहसा जगत नाहींत, कारण त्यांचें खोल मूळ तुटतें. म्हणून बीं पेरणेंच चांगलें. पहिल्या वर्षीं एकदोन वेळां भोंवतालचें तण काढावें. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं झुडूप फुलावर येतें. त्यानंतर दर उन्हाळ्याच्या अखेरीस कमरेच्या उंचीवर छाटणी करावी. गाडी व ट्रॅक्टर वळण्यासाठीं बारा फुटांची वाट मोकळी ठेवावी, म्हणजे पुढें अडचण म्हणून तीं झुडपें तोडण्याची वेळ येणार नाहीं.

सर्वच जमिनींत तरवडाचा आग्रह धरूं नये. पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनी त्यास मानवत नाहींत. पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत निचरा, जिप्सम व धैंच्याचें हिरवळीचें खत हाच मार्ग योग्य आहे. तेथें तरवडाच्या भरंवशावर राहणें चुकीचें होईल. हा लेख मुख्यतः घाटावरच्या व डोंगरउतारावरच्या शेतकऱ्यांसाठीं आहे.

शेवटीं एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. बांध हा दोघांचा असतो. आपल्या गांवांतील किती तरी तंटे एका बांधावरून उत्पन्न होतात. एकानें इकडून कोरला म्हणून दुसरा तिकडून कोरतो, आणि वाद तलाठ्यापासून कचेरीपर्यंत व कचेरीपासून न्यायालयापर्यंत जातो. भावाभावांचें बोलणें बंद होतें, आणि मिळालेली हातभर पट्टी पहिल्याच मोठ्या पावसांत वाहून जाते. बांधाच्या मध्यावर दोघांच्या संमतीनें तरवडाची रांग लावली, तर ती हद्दीची खूण होते. ती रात्रींतून सरकवितां येत नाहीं. माती राखण्याचें काम व सलोखा राखण्याचें काम येथें एकच होतें. शेजाऱ्याशीं बोलून घेणें हें मात्र बीं पेरण्याच्या आधींचें काम आहे.

आपल्या संघाच्या सभासदांस एवढीच विनंति आहे कीं, बांधावर आज जो तरवड उभा आहे, त्यास प्रथम हात लावूं नये; नव्या लागवडीपेक्षां असलेला राखणें सोपें. ज्यांचे बांध उघडे पडले आहेत, त्यांनीं येत्या हिंवाळ्यांत शेंगा गोळा कराव्या व पावसाळ्याच्या आरंभीं निदान खालचा एक बांध पेरावा. प्रत्येक गांवांतील दोन-तीन सभासदांनीं असा बांध व शेजारचा उघडा बांध यांची तीन पावसाळे तुलना करावी. त्यासाठीं दोहोंच्या पायथ्याशीं एकेक खुंटी ठोकून मातीची पातळी दर दिवाळीस मोजली म्हणजे पुरे. ती मोजणी या मासिकाकडे पाठविल्यास ती प्रत्येक शेतकऱ्यास उपयोगी होईल, मग निकाल तरवडाच्या बाजूचा असो वा विरुद्ध असो.